कमी भुकेचा कॉम्प्युटर

२ मार्च

भिंगरे,

आधी आशीर्वाद घे, मग ओरडा खा. तुझं मागचं पत्र एका पानात संपलं आणि खाली चार बोटं जागा कोरी होती. कोऱ्या कागदाला कशाला तिकीट लावायचं? माझं बघ, पान पुरत नाही. त्यात गप्पांचा दोष थोडा आणि अक्षरांचा जास्त. शाळेत मी नावापुरती गेले. वाचायला शिकले ती तुझ्या आजोबांच्या पाट्यांवरून. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि मी रंगाचा डबा धरून खाली उभी राहून एकेक अक्षर ओळखायची. त्यामुळे माझ्या हातून दुकानाच्या कपाळावर शोभतील अशीच अक्षरं येतात, आणि वाचताही तेवढीच येतात. तू मोठं लिहितेस ते चांगलं करतेस.

आम्ही मजेत. यांचे स्नायू एकेक करून रजेवर चाललेत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच, त्यात नवीन काही नाही. यांचा आवाज गेला त्याला वर्ष झालं, आणि माझे कान तर त्याच्याही किती आधी गेलेले. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई मला कागदावर लिहून विचारतात, तुमचं भांडण होतं तरी कसं? मी म्हटलं, चालूच असतं, तुम्हाला कळत नाही.

पूर्वी मी यांचे ओठ वाचायची. मग श्वासाच्या मशीनचा मास्क आला आणि ओठ त्याच्या आत गेले. तेव्हा तू तो जुना कॉम्प्युटर लावून दिलास, आणि काय सांगू तुला, मुक्या घरात बाजार भरला. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळतात, हवं ते आलं की हे बोटाखालचं बटण दाबतात. शब्द व्हायला वेळ लागतो, पण हे पहिल्यापासूनच अक्षराला कंजूष. कोणी पाटीवर ‘उत्तम प्रतीचे’ लिहायला सांगितलं की म्हणायचे, माल समोर दिसतोय, लिहायचं कशाला. मलाही तसंच लिहितात. ‘चहा.’ ‘कूस.’ दार वाजलं की ‘दार’. मी जाऊन उघडते आणि लोकांना वाटतं म्हातारीला ऐकू यायला लागलं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते सांगते. हल्ली संध्याकाळची लाईट जाते. श्वासाचं मशीन बॅटरीवर चालू राहतं, त्याची काळजी नाही. पण तुझा कॉम्प्युटर त्या बॅटरीवरून बॅटरीवाल्याने काढून टाकला. म्हणाला, हा डबा सगळी बॅटरी पिऊन टाकेल, मग आजोबांनी श्वास कशावर घ्यायचा? माणूस भला आहे, पायात दोन वेगळ्या चपला घालून आला होता, पण बोलला ते खरंच. त्यामुळे लाईट गेली की पडदा गेला, आणि आम्ही दोघं म्हणजे समोरासमोरच्या दोन भिंती.

मी उपाय केलाय. यांच्या पेटीत पाटीवर सरळ रेघ मारायचं सूत आहे, खडूत बुडवून ताणायचं आणि सोडायचं ते. त्याचं एक टोक यांच्या तर्जनीला बांधलं, दुसरं माझ्या मनगटाला. ओढलं की मी हजर. लग्न होऊन आले तेव्हापासून इतकं धरून कोणी ठेवलं नव्हतं मला.

पण सूत ‘ये’ म्हणतं, ‘का’ ते सांगत नाही. तू दिवसभर कॉम्प्युटरच बांधतेस ना? मग एखादा कमी भुकेचा बांध, श्वासाच्या बॅटरीवर पाहुणा म्हणून बसेल आणि दोन घास खाऊन उठेल असा.

तुझी बहिरी आजी

११ मार्च

आजी,

तू ‘मजेत’ लिहितेस आणि मी तो शब्द परत परत वाचते. फोन उचलावासा वाटतो. मग आठवतं, त्या घरात फोन म्हणजे शोभेची वस्तू. शिंपीणबाईंना निरोप पाठवला असता, पण त्या मशीनवर बसल्या की फोनकडे संध्याकाळपर्यंत बघत नाहीत. तेव्हा पत्रच. आणि हे पत्र पोचेपर्यंत तुमच्याकडे किती संध्याकाळी अंधारात जातील, ते मोजत बसायचं नाही असं ठरवलंय.

तू कमी भुकेचा म्हणालीस, अगदी बरोबर शब्द वापरलास. कॉम्प्युटरमध्ये विचार करणारा एक तुकडा असतो, त्याला प्रोसेसर म्हणतात. सगळी भूक त्याची. ती वॅटमध्ये मोजतात. तुमच्या जुन्या डब्यातला प्रोसेसर पासष्ट वॅटचा आहे, त्याला गार ठेवायला पंखे वेगळे. श्वासाचं मशीनसुद्धा एवढं खात नाही. बॅटरीवाल्याने केलं ते बरोबरच केलं.

माझ्यासमोर टेबलावर दोन आहेत. एक सहा वॅटचा. याला पंखा नाही, हा तापत नाही, बॅटरीला कळणारही नाही की कोणी आलंय. पण मंद आहे. बटणावर अक्षरं लिहिणं एवढं काम तो करेल, त्यापुढे नाही. दुसरा पस्तीसचा. तो हुशार आहे. त्याला कॅमेरा जोडला तर आजोबांची बुबुळं कुठे वळतात ते बघून तो अक्षर लिहील, बोट चालत नसलं तरी. पण तो जितका वेळ बघत राहील तितका वेळ श्वासाच्या वाट्यातून जाईल.

आणि एकाच डब्यात दोन्ही ठेवता येत नाहीत. तो सहाचा तुकडा बोर्डावर कायमचा डकवूनच येतो, नंतर उपटून मोठा बसवता येत नाही. इथले सगळे विचारतात लॅपटॉप का नाही. त्यांना काय सांगू की माझ्या आजीला ओट्यापासून पलंगापर्यंत दिसतील एवढी अक्षरं लागतात, आणि लॅपटॉपची स्वतःची बॅटरी दमली की तोही आजोबांच्या श्वासावरच येऊन बसणार.

मी स्वतः यायला हवं. पण या देशात राहायचे माझे कागद नव्याने व्हायला टाकलेत. ते हातात येण्याआधी निघाले तर परत घेणार नाहीत, आणि श्वासाच्या मशीनचं भाडं याच नोकरीवर आहे. म्हणून पत्रातून विचारते, आणि आजी, गप्पा न मारता उत्तर दे. आजोबांचं बोट कसं आहे? बोट चांगलं असेल तर सहाचा. बोट जात असेल तर पस्तीसचा. सगळं त्या बोटावर आहे.

भिंगरी

१९ मार्च

भिंगरे,

बोट ठणठणीत आहे. झालं तुझं उत्तर, आता गप्पा मारू का?

सहाचाच बांध. मला तो ऐकूनच आवडला. गरीब, कमी जेवणारा, आवाज न करणारा. यांच्याकडे पूर्वी हाताखाली एक माणूस होता, तो असाच. दिवसभर शिडी धरून उभा राहायचा आणि संध्याकाळी तो बरोबर आहे हेच सगळे विसरायचे. एकदा त्याला आत ठेवून दुकानदाराने कुलूप लावलं. पस्तीसचा नको बाई. हुशार माणसं घरात आणली की आधी जेवायला काय आहे ते विचारतात.

बॅटरीवाल्याला पुन्हा बोलावलं होतं. त्याने कागदावर लिहून दिलं की बॅटरी जुनी झालीय, एकट्या मशीनपुरती ठीक, वर भार टाकू नका. मी तो कागद तुझ्या फोटोच्या काचेमागे खोचलाय.

सूत छान चाललंय. तर्जनी जरा गार पडत होती म्हणून आता अंगठ्याला बांधलंय. अंगठा कसा, आडदांड. परवा संध्याकाळी तर यांनी मला इतक्या वेळा ओढलं की मी म्हटलं, घोडागाडी हाकताय का. पाणी लावून बघितलं ओठांना, नको. कूस बदलली, नको. उशी, पाय, पाठ, मास्कचा पट्टा, सगळं करून झालं, तरी ओढताहेतच. आजारी माणूस चिडचिडा होतो, त्याचं मनावर घ्यायचं नसतं.

तव्याने मला दंडाला जरा चटका बसलाय, मागच्या बाजूने. डाव्या हाताने लिहीत नाही मी, तेव्हा पत्राला काही अडचण नाही. शिंपीणबाईंनी मलम लावून दिलं आणि माझी शाल दुरुस्तीला नेली.

तू जेवतेस का वेळेवर? तुझ्या अक्षरांना भूक लागल्यासारखी दिसते, सगळी एका बाजूला कललीत.

आजी

२८ मार्च

आजी,

तुझं पत्र आलं तेव्हा सहाचा बोर्ड डब्यात बसवून झाला होता. तळहातावर मावेल एवढा डबा. मीटर लावून बघितलं, तुमच्या देवघरातला दिवा जेवढी वीज घेतो त्याच्या जवळपास. मी टेबलावर डोकं ठेवून पाच मिनिटं नुसती पडले होते, इतकं बरं वाटलं. बाजूच्या बाकावरचा कारागीर म्हणाला, कोणाचं बाळ झालं का?

मग तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचलं.

तर्जनीवरचं सूत अंगठ्यावर का गेलं? गार पडलेल्या बोटाला कोणी चोळतं, त्याचं सूत सोडत नाही. आणि तवा दंडाला मागच्या बाजूने कसा लागतो? तू तव्याकडे पाठ करून उभी असतेस का? आणि शाल कसल्या दुरुस्तीला गेली?

डबा बांधून, कागदात गुंडाळून तयार आहे. पण तो मी पाठवणार नाही. चुकीचा पाठवला तर दुसरा पोचेपर्यंत काय होईल ते तुला आणि मला दोघींना माहीत आहे. आजी, मी लांब आहे, मला फक्त तुझे शब्द दिसतात. तेही खोटे असले तर मी कशाच्या आधाराने निवडू?

रागावून लिहीत नाही. घाबरून लिहितेय.

भिंगरी

५ एप्रिल

भिंगरे,

तू लहानपणी डब्यातल्या वड्या मोजून ठेवायचीस, तशीच राहिलीस.

बोट गेलं. तर्जनी गेली त्याच दिवशी मी तुला ठणठणीत लिहिलं. अंगठाही नंतर गेला. सूत आता उजव्या पायाच्या अंगठ्याला आहे, बटणही तिथेच हलवलंय, शिंपीणबाईंनी पट्टी शिवून दिली. पाय अजून ऐकतो. कधी ऐकतो, कधी नाही.

मी का लपवलं ते सांगते. तू लिहिलं होतंस की डोळे बघणारा यांच्या श्वासातून खाईल. मी ते वाक्य ओट्याजवळ उभी राहून वाचलं आणि कागद उलटा ठेवला. शब्द नसले तरी मी यांना सांभाळीन, मला सवय आहे, मी कितीतरी वर्षं आवाजाशिवाय संसार केलाय. श्वास नसला तर काय सांभाळू? तूच सांग.

दंडाचं असं झालं. त्या संध्याकाळी लाईट गेली, मी मेणबत्ती लावून मागच्या स्टुलावर ठेवली आणि यांच्यासमोर बसले. हे ओढायला लागले. मी पाणी दिलं, कूस वळवली, उशी काढली, परत दिली. यांचे डोळे असे मोठे झाले होते, मला वाटलं श्वास अडकला. मास्क सैल केला, घट्ट केला. शेवटी वास आला म्हणून वळून बघते तर माझीच शाल पेटलेली, स्टुलाला पदर टेकून. बादलीत हात घातला, शाल घातली, झालं. फार काही नाही. पण परत येऊन बघते तर यांच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं, कानापर्यंत. एवढं कशासाठी ओढत होते ते माझ्या शालीच्या गडबडीत राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी लाईट आल्यावर विचारलं तर कसंबसं एक अक्षर लिहिलं आणि थकून झोपी गेले. ‘मे’ एवढंच. मेलो म्हणायचं असेल, असं मनात येऊन मी पुढे विचारलंच नाही.

आता मला फार ओरडू नकोस. डबा पाठव.

आजी

१४ एप्रिल

आजी,

त्यांना पाणी नको होतं, उशी नको होती, काहीच नको होतं. तुझ्या मागे मेणबत्ती होती. ‘मेलो’ नाही, ‘मेणबत्ती’. ते तुला सांगत होते, आजी. अख्खा वेळ तुझ्याबद्दलच सांगत होते.

मेणबत्ती पुढे ठेव. मागे कधीच नको. शक्य असेल तर मेणबत्तीच नको.

पत्र वाचून मी जिन्यात जाऊन बसले. इतके दिवस मला वाटत होतं हा कॉम्प्युटर मी आजोबांसाठी बांधतेय. ते पाणी मागतील, कूस मागतील. त्यांना बोलायला हवंय ते तुझ्यासाठी. तू त्यांचे हात आहेस तसे ते तुझे कान आहेत. आणि अंधार झाला की आपण ते दोन्ही तोडून टाकतोय.

अजून एक गोष्ट आहे, ती मला आधी कळायला हवी होती. बॅटरी संपत आली की श्वासाचं मशीन शिट्टी देतं. ती शिट्टी त्या घरात फक्त त्यांना ऐकू येते. आणि ते सांगू शकत नाहीत.

आता मला कळत नाही. सहाचा पाठवला तर श्वास पुरेल, पण पाय गेल्यावर तो डबा पेपर दाबून ठेवायच्या कामाचा. पस्तीसचा पाठवला तर डोळे शेवटपर्यंत बोलतील, पण ती जुनी बॅटरी. नवीन बॅटरी इथून पाठवता येत नाही, पोस्टवाले घेत नाहीत. तिथल्या बॅटरीवाल्याला विचार, मिळते का.

आणि हा निर्णय आपण दोघींनी घ्यायचा नाही. लाईट असताना आजोबांसमोर बस. त्यांना दोन्ही सांग, सगळं, काही न वगळता. पाय ऐकतोय तोवर त्यांनाच विचार.

भिंगरी

२३ एप्रिल

भिंगरे,

विचारलं.

आधी मेणबत्तीचं विचारलं. यांनी पायाने लिहिलं, ‘हो.’ मी म्हटलं, अहो, मग मी उशी काय काढत बसले होते. यांचे डोळे हसले. मला तोंडाचं हसू दिसत नाही आता, पण डोळ्यांचं ओळखते. आणि खरं सांगू, दंड भाजलेला असून त्या दिवशी मी घरभर अशी फिरत होते की कोणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, म्हातारीला झालंय तरी काय. मी समजत होते हे आजाराने मला ओढताहेत.

बॅटरीवाला म्हणाला नवीन बॅटरी यायला वेळ आहे, उन्हाळ्यात सगळ्यांनाच हवी असते. आमचं नाव लिहून घेतलंय.

मग तुझे दोन्ही प्रोसेसर यांना समजावून सांगितले. सहाचा गरीब, पस्तीसचा खादाड. कोणाला काय जमतं, कोण काय खातं. शिट्टीचंही सांगितलं. पाय त्या दिवशी रुसलेला होता. दुपारी बसलो ते उन्हं खिडकीतून जमिनीवर आणि जमिनीवरून भिंतीवर गेली तोवर बसलो. तुला त्यांचंच उत्तर लिहिते, त्यांनी लिहिलं तसं.

‘मोठा. ती बहिरी आहे.’

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंडावर बहिरी म्हणाले मला.

पण भिंगरे, तू त्यांचं ऐकू नकोस. मी हात जोडते. त्यांना वाटतं मी पेटेन, पडेन, दार उघडं ठेवीन. ठेवीन तर ठेवीन. मी मेणबत्ती लावणार नाही, अंधारात बसेन, हलणारच नाही जागची. पण त्यांचा श्वास कमी करणारी वस्तू माझ्या हाताने प्लगला लावायला सांगू नकोस. ते माझ्याने व्हायचं नाही. हे पत्र मी त्यांना न दाखवता पाकिटात घालतेय.

काल सुताला नुसता थरकाप आला, ओढ नव्हती. मी पाय हातात घेऊन बसले.

आजी

२ मे

आजी,

एक म्हणतो मोठा, एक म्हणते लहान, आणि दोघंही एकमेकांसाठी भांडताय. शिंपीणबाईंना सांग, तुमचं भांडण कसं होतं ते मला कळलं.

तुझं पत्र आल्यापासून दोन्ही बोर्ड टेबलावर आणि मी त्यांच्यामध्ये. काल कामावरून काढतील अशी वेळ आली, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये मी पंखा उलटा बसवला होता. बाजूचा कारागीर म्हणाला, काय ते एकदा मोठ्याने बोल. मी सांगितलं. तुझ्या पत्रातलं आजोबांचं उत्तरही सांगितलं, आणि ते सांगताना माझंच मला ऐकू आलं. एवढ्या मोठ्या प्रश्नाला चार शब्द. ते कधीच भराभर लिहिणारे नव्हते. मी मात्र भराभर लिहिणाऱ्यांचा कॉम्प्युटर शोधत होते.

बुबुळ पडद्यावर नेमकं कुठे बघतंय हे शोधायला ताकद लागते. पण पापणी उघडी आहे की मिटलेली, एवढंच कळायला लागत नाही. पूर्वीसारखीच अक्षरं एकामागून एक उजळतील. हवं ते अक्षर आलं की आजोबांनी डोळे मिटायचे आणि जरा वेळ मिटलेलेच ठेवायचे. नुसती उघडझाप झाली तर तो लक्ष देणार नाही. एवढं काम सहाचा करू शकतो. धावत नाही, पण करतो.

मी स्वतः त्याच्यासमोर तोंडाला रुमाल बांधून, हात मांडीखाली घेऊन बसले. पापण्यांनी ‘आजी’ लिहिलं. दोनदा चुकलं, एकदा शिंक आली आणि भलतंच काहीतरी उमटलं. मीटर जागचं हललं नाही म्हण. कॅमेऱ्यापुरतं थोडं, बस्स.

सहाचाच पाठवतेय. तुझं ऐकलं आणि त्यांचंही. प्लगला तूच लाव, तुझ्या हाताने. तो श्वासातून घोटभर घेईल, घास नाही.

पण सगळं सांगायचं असं ठरलंय ना आपलं, म्हणून सांगते. पापणी सगळ्यांत शेवटी जाते असं म्हणतात. म्हणतात. माझ्याकडे त्याच्यापुढचं काही नाही, आजी. पाकीट वाटेत असताना काय होईल तेही माझ्या हातात नाही. कागद अजून आलेले नाहीत. रोज जाऊन विचारते, खिडकीतली बाई आता मला बघितली की आधीच मान हलवते.

कॅमेरा पडद्याच्या वर लाव, त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत. सूत धरून सरळ करून घे.

भिंगरी

२४ मे

भिंगरे,

डबा आला. पोस्टमन आला तेव्हा दार वाजलेलं मला कळलं नाही, शिंपीणबाईंनी वरून बघितलं म्हणून, नाहीतर परत जात होता. मधल्या दिवसांचं तुला फार लिहीत नाही. पाय गेला. एकदा दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बाकावर बसवलं आणि कागदावर काही लिहिलं, मग ते खोडून नुसता माझा हात धरला. त्या खोडलेल्याखाली काय होतं ते मी विचारलं नाही. सुताला थरकापही येत नव्हता. मी बोलायची आणि हे बघायचे, आणि काय बघताहेत ते मला कळायचं नाही. तेवढे दिवस मात्र मी मजेत नव्हते. एवढंच.

आता पुढचं.

बॅटरीवाल्याने जोडून दिलं. तुझा डबा हातात धरून उलटसुलट केला आणि म्हणाला, एवढासाच? मी म्हटलं, एवढासाच, पण माझ्या नातीने निवडलाय. प्लग मी लावला. माझ्या हाताने. डब्यावर तळहात ठेवून बघितलं तर गारच. मला वाटलं चालूच झाला नाही. माझं सगळं असंच, ऐकू येत नाही म्हणून हात लावून बघायचं. मग पडदा उजळला.

कॅमेऱ्यासाठी सूत धरलं यांच्या डोळ्यांपासून पडद्यापर्यंत. हे बघत होते. पाटीवर रेघ मारताना बघायचे तसे, एक डोळा बारीक करून. तो बारीक डोळा तुझ्या कॉम्प्युटरने अक्षर समजून घेतला आणि उगाचच ‘क’ उमटला. पहिलं अक्षर वाया.

पहिल्या दिवशी काही लिहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. डोळे मिटले की तसेच झोप लागायची. मी तुला कळवायचंही टाळलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लाईट गेली. मी जागची उठले नाही, मेणबत्ती लावली नाही. पंखा थांबला, रस्त्यावरचा उजेड गेला, घरात फक्त मशीनचा हिरवा ठिपका आणि तुझा पडदा. पांढरी अक्षरं चालली होती एकामागून एक. मी म्हटलं, अहो, दिसतंय का? बॅटरीवर आहे. तुमच्या श्वासातलं नाही हो खात, भिंगरीने मोजून बघितलंय.

यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. ‘न’ आला.

माझ्या मनात काय काय आलं म्हणून सांगू. नको म्हणताहेत. नको हे सगळं, पुरे आता, असं म्हणताहेत. मी पडद्याकडे बघायचं सोडून यांच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, पुढचं अक्षर येऊ नये. अक्षरं पुन्हा पहिल्यापासून चालली. यांचा श्वास मास्कमध्ये वर खाली. परत डोळे मिटले, आणि उघडायला किती वेळ लागला.

‘नळ.’

भिंगरे, मी संध्याकाळी पाणी भरायला लावला होता आणि विसरले होते. न्हाणीघरातून पाणी बाहेरच्या खोलीपर्यंत आलेलं, माझ्या चपला तरंगत होत्या. मी नळ बंद केला, पदर खोचला, फडक्याने सगळं पुसलं आणि पुसता पुसता इतकी हसले की शिंपीणबाई दिवा घेऊन खाली आल्या. त्यांना वाटलं मी रडतेय. तेही असेल.

तुझ्या एवढ्या कष्टांचा, दोन-दोन प्रोसेसरांचा पहिला शब्द ‘नळ’. आता तूच सांग, यांच्याशी संसार कसा केला असेन मी.

ते सूत मी सोडलेलं नाही. माझ्या मनगटाला आहे अजून. दुसरं टोक यांच्या पायाला आहे, तिथून आता काही येत नाही, पण असू दे. तुझे कागद आले की कळव. आले नाहीत तरी कळव, आणि पान भरून.

हे लिहायला घेतलं तेव्हा लाईट होती, आता परत गेलीय. पडद्याच्या उजेडात लिहितेय. यांना काहीतरी सांगायचंय. एक अक्षर झालंय, दुसऱ्यासाठी दम घेताहेत. शब्द कुठला होईल ते माझ्या ध्यानात येत नाही, आणि या वेळी मी अंदाज करत नाही. मी म्हटलं, सावकाश. बॅटरी आहे.

आजी